गुणाजीकाकांच्या सायकलची घडी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. लालबाग, आमची चाळ, तिसरा मजला. आणि वेळ रात्रीची नव्हे...

दुपारी तीनची.

चाळ पाडणार म्हणून आमचा मजला रिकामा झालाय. उरलोय फक्त आम्ही. मी, माझी बायको रुपाली आणि शांताकाकी.

माळा साफ करताना सायकल सापडली. घडीची. गंजून मधला सांधा जाम, चेन तर नव्हतीच.

गुणाजीकाकांची सायकल.

मिल बंद पडल्यावर काका हिच्यावरून वडाळ्याला गोदामात कामाला जायचे. चौऱ्याण्णव साली एकदा गेले ते परत आलेच नाहीत. पोलिसांत तक्रार झाली, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी सायकल तेवढी जिन्याखाली दिसली.

घडी घातलेली...

"भंगारात दे, हितेंद्र," रुपाली म्हणाली.

मला वाटलं, दुरुस्त करावी. काकीला बरं वाटेल. विचारलं, तर तिने सायकलवर आडवा हात धरला.

"उघडू नको रे ती. तशीच ऱ्हवांदे."

"का गं काकी?"

"तेंच्या डाव्या हाताची तीन बोटं मिलात गेली. एका हातानं सांध्याची खिट्टी दाबायला जमायचं नाय. रोज खालून घंटी मारायचे, मग मी जाऊन घडी घालायची." ती माझ्याकडे बघत राहिली. "मग त्या दिवशी घातली कोणी?"

मी ऐकलं नाही. परळच्या मेकॅनिककडे नेली. त्याने तेल सोडून, ठोकून सांधा मोकळा केला. "चेन, ब्रेक टाकायचे की नाही, ते विचार करून सांगा," म्हणाला. सायकल घरी आणली. घडी करून सुतळीने बांधली, गॅलरीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला.

टिक... टिक... टिक...

पायडल थांबवून सायकल नुसती सोडली की चाक करतं ना, तसा. गॅलरीच्या त्या टोकापासून जवळ येत गेला.

आमच्या दाराशी थांबला.

मी दार उघडलं. गॅलरीत कोणी नव्हतं.

सायकल उघडी उभी होती. सुतळी खाली पडलेली. गाठ मात्र जशीच्या तशी...

सीटला हात लावला. गरम. आमच्या गॅलरीत ऊन येत नाही.

काकी मागून आली. पदराला हात पुसले, खाली वाकली, खट्कन खिट्टी दाबली आणि घडी घातली. जणू कालच घातली होती.

मग आत जाऊन चहा टाकला.

तेव्हापासून रोज हेच. तीन वाजता आवाज. काकी उठते, घडी घालते. आणि खरं सांगतो, काकी सुधारलीय. पोटभर जेवते. वेणी घालते. तीस वर्षांत ती अशी मी बघितली नव्हती.

म्हणूनच सायकल भंगारात टाकवत नाही.

"पुरी दुरुस्त कर," परवा तीच म्हणाली. "आणि मागे कॅरियर लावून घे. मजबूत बघ."

"कॅरियर कशाला?"

ती लाजली.

चौऱ्याहत्तर वर्षांची काकी... लाजली.

रुपालीने मला आत ओढलं. "त्या सायकलला चेन लावायची नाही. कळलं?"

मी मेकॅनिकला फोन करून नको म्हणून सांगितलं. काकीला थाप मारली, कॅरियर मिळत नाही. ती रोज विचारायची, मी रोज तेच सांगायचो.

आज सकाळी तिने विचारलं नाही. तिची पिशवी भरलेली दिसली. दोन लुगडी, औषधं, चष्मा.

"काकी, कॅरियर..." मीच विषय काढला.

"ऱ्हवांदे आता," ती शांतपणे म्हणाली. "तेंनीच आणलाय."

मी दाराला आतून कुलूप घातलंय. आता पावणेतीन वाजलेत. सायकल बाहेर गॅलरीत आहे.

तिच्या मागे काय लावलंय, ते बघायला मी अजून गेलेलो नाही.