खिडकीतलं रोप

त्या दुपारी ती वाचनालयात शिरली, ती केवळ ऊन टाळायला. मागच्या दालनात अंधार होता, पडद्यावर कुठलासा विसरलेला जुना सिनेमा चालला होता आणि खुर्च्या रिकाम्या. मध्येच फिल्म तुटली. दिवे लागले. भिंतीतल्या भोकातून एक विस्कटलेलं डोकं डोकावलं.

"दोनच मिनिटं हं... जाऊ नका! तुम्ही एकट्याच प्रेक्षक आहात."

ती गेली नाही. उलट दर शनिवारी येऊ लागली.

वाचनालयाच्या माळ्यावर जुन्या फिल्मचे डबे पडून होते. तो एकेक पुसून, जोडून, दाखवायचा. सिनेमा संपला की ती ठणकावून मत द्यायची.

"हा नायक नायिकेच्या नाही, स्वतःच्या केसांच्या प्रेमात आहे!"

"आणि नायिका?"

"तिची नुसती पाठमोरी चाल बघा. बाकी सिनेमा नसता तरी चाललं असतं."

तो गालात हसायचा. ती प्रयोगशाळेत बियाणं तपासायची, म्हणून तो तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचा.

"सिनेमा बघायला जातेस, की सिनेमावाल्याला?" मावशीने एकदा विचारलंच. ती वेणी घालत राहिली.

मग तो बेटावरचा सिनेमा आला. नायिका बोटीने निघून जाते—आणि शेवटी दोघं पुन्हा खिडकीत बसून हसतात, काही घडलंच नसल्यासारखी. "परत कशी आली ते दाखवलंच नाही! दिग्दर्शकाची केवढी हिंमत!" ती डोळे पुसत म्हणाली. त्याचे कान लाल झाले.

आज तोच सिनेमा गावातल्या चित्रपट मंडळाच्या सभासदांसाठी होता आणि नंतर त्यावर बोलणार होती ती. माळ्यावरचे डबेही आता संपले होते. उद्यापासून इथे यायला तिच्याकडे निमित्तच उरणार नव्हतं.

ती मुद्दाम लवकर, थेट यंत्राच्या खोलीत आली. टेबलावरची फिल्म उजेडाकडे धरून बघता बघता थबकली.

"अहो... खिडकीतलं रोप. निरोपाच्या वेळी त्याला पाच पानं आहेत. आणि शेवटी दोनच? रोप असं उलटं वाढत नाही."

त्याने हातातला डबा खाली ठेवला.

"तेव्हा शेवटची दोन रिळं माझ्याकडून उलट क्रमाने लागली होती. ती... परत येतच नाही."

"मग सांगितलं का नाहीत? मी आज सगळ्यांसमोर स्वतःचं हसं करून घेतलं असतं!"

"आज नीट लावणार होतो, सांगणारही होतो. त्या दिवशी तुम्ही इतक्या खुशीत होतात... आणि मलाही वाटत होतं, तिने परत यावं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नीट क्रमाने लावा."

बोट धुक्यात विरली, सिनेमा संपला. ती उठली आणि आपली फजिती तिने स्वतःच सांगून टाकली. सगळे खळखळून हसले. "पण खरा शेवट हाच," ती म्हणाली, "आणि हाच चांगला."

लोक पांगले. ती यंत्राच्या खोलीत आली.

"खरंच हाच चांगला?" त्याने विचारलं.

"सिनेमासाठी." ती जराशी थांबली. "मला मात्र... तुमची चूकच आवडली."

त्याच्या हातातली फिल्म घसरली. दोघं एकदमच वाकली.

"पुढच्या शनिवारी दाखवायला काही उरलं नाहीये," तो पुटपुटला.

"माहीत आहे. मी येते. काही न लावता बसू."

बाहेर पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडला होता. यंत्र बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.