भागीरथीआत्याच्या खोलीतली अळंबी

तुम्ही म्हणाल, अळंबीत घाबरण्यासारखं काय असतं? काही नसतं. यमुनालाही काही वाटलं नव्हतं. नव्वद सालचा पाऊस ओसरत आला तेव्हा ती केलगेरीहून बस धरून रायापूरला गेली, ती फक्त बी आणायला. तिथं बाळाचार्य नावाचे निवृत्त मास्तर घरातच अळंबी पिकवत आणि येईल त्याला शिकवत. त्यांनी ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं पांढरं बी दिलं, भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, गरम पाण्यातून काढून पिशव्या कशा भरायच्या ते दाखवलं आणि म्हणाले, "अंधारी, ओलसर खोली बघा अक्का. बाकी ते आपलं आपण येतंय."

तशी खोली घरात एकच होती, मागच्या अंगणाकडची. भागीरथीआत्यांची. आत्या म्हणजे यमुनाच्या सासऱ्यांची विधवा बहीण. जन्मभर या घरची चूल फुंकली आणि माघातल्या थंडीत त्या खोलीतच गेल्या. यमुना तेव्हा आजारी नवऱ्याला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात होती. परत आली तर दाराला बाहेरून कडी आणि कडीत बाभळीची काटेरी फांदी. मोठे दीर पद्मनाभ म्हणाले, "वाईट नक्षत्रावर गेली. खोली बंद ठेवायला पाहिजे." इकडं तशी रीतच आहे, त्यामुळं कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. पुढं नवराही गेला.

आणि नवऱ्याचे दिवस होतात न होतात तोच या दिरानं काय म्हणावं? "तू आता भावाकडं जा. इथं तुझं काय आहे?" हुबळीच्या बाजारातलं कापडाचं दुकान दोघा भावांनी मिळून उभं केलेलं, आणि म्हणे तुझं काय आहे. माणसाला जिभेचीसुद्धा लाज वाटू नये? यमुना म्हणाली, "माझं पोट मी भरते. घर सोडणार नाही." पद्मनाभ हसले. अळंबीचं पीक दिवाळीआधी आलं तर राहा, नाही तर गाठोडं बांध, असं ठरलं.

बंदीचे महिने सरले होते, म्हणून काटा काढायला हरकत नव्हती. पण जाऊ अंबूताई दारात आडवी उभी राहिली. "दार मात्र उघडं टाकू नकोस बाई. पाणी मारलंस की कडी घाल. नक्षत्र घरभर हिंडतंय मग." यमुनाला वाद नको होता. ती पिशव्यांवर पाणी शिंपडायची, बाहेर यायची, कडी घालायची.

पिशव्यांवर पांढरं जाळं छान धरलं. पण खोलीत गेलं की डोकं जड व्हायचं, डोळे चुरचुरायचे. ओल्या पिंजराच्या वासाखाली आणखी एक वास होता, कोळशाचा. घरात तर गॅस आला होता. एकदा भर दुपारी ती कडी घालत होती आणि दाराच्या पलीकडून, अगदी खालून, उंबऱ्याजवळून आवाज आला. कुणी श्वास ओढावा तसा. लांब... आणि मग तो अर्ध्यातच थांबला. कडीवरचा हात काढायलासुद्धा तिला धीर होईना.

पीक आलं, पण कसलं? टोपी नाहीच. नुसते पांढरे, लांब, बारीक देठ, हाताच्या बोटांसारखे. आणि एकूण एक दाराकडं वाकलेले. एक पिशवी काखेत मारून यमुनानं रायापूर गाठलं.

बाळाचार्यांनी पिशवी फिरवून पाहिली. "खोलीत हवा नाही अक्का. कोंडलं की ही अशी होतात. हवा शोधत लांब लांब जातात. दार बंद असतंय काय?"

"बाहेरून कडी असते," यमुना म्हणाली, आणि स्वतःच्याच शब्दांनी तिला खोलीतला तो कोळशाचा वास आठवला.

घरी येऊन ती थेट स्वयंपाकघरात गेली. अंबूताई भाजी निवडत होती.

"आत्या गेल्या तेव्हा खोलीत शेगडी होती?"

अंबूताईचा हात थांबला. "थंडी होती गं... आम्ही बेळगावला लग्नाला निघालो होतो. त्या कुठंबी भटकत जायच्या, म्हणून ह्यांनी कडी घातली. शेगडी मीच पेटवून ठेवली. खिडकीला पोतं लावलं, वारा लागू नये म्हणून... सकाळी येऊन बघतोय तर दाराशी पडलेल्या."

"आणि नक्षत्र?"

"भटजीला कुणी विचारलंच नाही," अंबूताई अगदी हळू म्हणाली.

यमुनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिनं या माणसाला मांडीवर घेऊन भरवलं, तिला कोंडून मारायचं, आणि वर पाप कुणाच्या माथी, तर आकाशातल्या नक्षत्राच्या. संध्याकाळी पद्मनाभ दुकानातून आले, तेव्हा तिनं त्यांना चप्पलसुद्धा काढू दिली नाही.

"तुम्ही दार लावून मारलंत त्यांना."

"म्हातारी होती. आज ना उद्या जाणारच होती," पद्मनाभ म्हणाले आणि हात धुवायला गेले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी यमुनानं सुतार बोलावला आणि त्या खोलीचं दारच बिजागऱ्यांसकट उतरवलं. खिडकीचं पोतं फाडून परसात जाळलं. वारा आत आला आणि कोळशाचा वास गेला. त्याच पिशव्यांवर नवे घोस धरले, तळहाताएवढ्या टोप्यांचे, भरदार. दिवाळीआधीच हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका हॉटेलवाल्यानं सगळे उचलले आणि रोजचे सांगून ठेवले. यमुनाला घराबाहेर काढायची भाषा बंद झाली.

फक्त एक गोष्ट तिला कळली नाही, आणि तिनं बाळाचार्यांनाही विचारली नाही. वारा दारातून यायचा, उजेड खिडकीतून. अळंबी तिकडं झुकायला हवी. पण नवा प्रत्येक घोस उलट्या बाजूला झुकायचा, आतल्या भिंतीकडं. त्या भिंतीत खिडकी नाही, फटसुद्धा नाही. पिशव्या फिरवून टांगल्या तरी सकाळी पुन्हा तिकडंच.

त्या भिंतीपलीकडं पद्मनाभ झोपायचे.

एका सकाळी ते चहाला आले ते छाती चोळतच. चेहरा राखेसारखा झालेला. "खिडक्या सगळ्या उघड्या टाकतोय," ते म्हणाले, "तरी रात्री खोलीत हवा पुरेना झालीय..."

घरात दुसरी खोली रिकामी होती, तिकडं झोपा असं सांगता आलं असतं. यमुनानं त्यांच्यापुढं चहाचा कप ठेवला, आणि पिशव्यांवर पाणी मारायला मागं गेली.