राजा 'येतो' म्हणाला

बसा इथेच गच्चीवर. खाली उकडतंय, आणि लाईट काही साडेदहाशिवाय येत नाही. रागिणी, तू मघाशी विचारलंस की तुमच्या कॉलेजचं शिबिर आहे, गावात उघड्यावर नाटक वाचायचंय, तर आजोबा, तुमच्याकडची जुनी वही मिळेल का. वही आहे. द्यावी की नाही, ते माझं अजून ठरत नाही. आधी हे ऐका. यात मी स्वतः पाहिलेलं फार थोडं आहे, आणि जे पाहिलं त्याबद्दलही मला खात्री नाही. बाकी सगळं दत्तप्रसादनं सांगितलं तसं. हो, आपलेच दत्तप्रसाद सर, पाण्याच्या टाकीमागे राहतात ते.

आम्ही दोघं इथेच वसमतला इंग्रजी शिकवायचो. शहाण्णव साली आमच्या डोक्यात आलं की राणी एलिझाबेथच्या काळातली, चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी नाटकं मराठीत आणायची आणि गावोगाव उघड्यावर वाचायची. फुकट. पडदा नाही, पोशाख नाही. एक बल्ब, दोन सतरंज्या, चार वाचणारे. दत्तप्रसादचं म्हणणं असं, की ही नाटकं मुळात आभाळाखाली उभ्या असलेल्या, दाणे खात बसलेल्या माणसांसाठीच लिहिलेली आहेत. आपल्या बी.ए.च्या पोरांपेक्षा गावातली माणसं ती लवकर समजतील. आणि समजायचीही. खून कुणी केला ते आमच्या आधी ओळखायची.

अनुवाद माझे. वाचनात एक अडचण अशी होती की पोशाख नसल्यामुळे कोण आलं, कोण गेलं ते कळत नसे. म्हणून दत्तप्रसाद रंगसूचना मोठ्यानं वाचायचा. 'राजा येतो.' 'शिपाई जातो.' बाकीचे तिघं संवाद म्हणायचे. हे 'जातो' सगळे माझ्या हातचे. 'प्रस्थान' लिहिलं असतं तर... पण मला वाटलं, साधा शब्द बरा. त्याचा मी नंतर फार विचार केलाय.

आता ती रात्र. १३ मार्च २००२, बुधवार. शिवरात्रीचा दुसरा दिवस, म्हणजे अमावास्या. शिरड शहापूरच्या पुढे, सडकेपासून तीन किलोमीटर आत एक वाडी आहे. तिथे भुजंग नावाचे गुरुजी होते, एकशिक्षकी शाळा. औंढ्याच्या जत्रेमुळे घरोघर पाहुणे आहेत, गर्दी चांगली होईल, म्हणून त्यांनी ती तारीख धरलेली.

त्याच दिवशी दुपारी चारला दत्तप्रसाद माझ्याकडे वही न्यायला आला. चेहरा उतरलेला. सुमनवहिनींच्या ऑपरेशनची तारीख अचानक दुसऱ्या दिवशीची मिळाली होती. नांदेडला सकाळी आठला हजर राहायचं, घरून पाचला जीप निघणार. वहिनी आधीच दोनदा घाबरून माघारी आलेल्या, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की आता आठवडाही थांबता येणार नाही. वहिनींनी त्याला एवढंच सांगितलं होतं, "तुम्ही आल्याशिवाय मी जीपमध्ये पाय ठेवणार नाही."

मी म्हणालो, मग नको जाऊस. तो म्हणाला, शब्द दिलाय, दहाला संपतं, अकरा-सव्वाअकराला मी घरी. खरं तर त्या दिवशी मीही जायचा होतो. मी ताप असल्याचं सांगितलं. ताप नव्हता, असं नाही. पण जाता आलं असतं.

तो आपल्या एम-एटी दुचाकीवर एकटा गेला.

वाचन शाळेच्या मैदानात होतं. तिन्ही बाजूंना बाभळीच्या काट्यांचं कुंपण, समोर दगडी भिंत आणि तिच्यात एकच फट, फाटक म्हणून. तो पोचल्यावर बायांनी मैदान झाडून पाणी मारलं. गाडी आत, शाळेच्या ओट्यापाशी लावलेली. शंभरेक माणूस जमलं. पुढच्या रांगेत भुजंग गुरुजींची आई, सुभद्राबाई, मांडीवर दाण्यांची पुरचुंडी घेऊन.

नाटकाचं नाव मी सांगत नाही. लेखकाचा पत्ता नसलेलं, फारसं कुणाला माहीत नसलेलं नाटक आहे. एक राजा, एक शिपाई, एक दाई. तिघंही मरतात, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. राजाचं काम भुजंग गुरुजी वाचत होते, शिपायाचं एसटीतले प्रभू कंडक्टर, दाईचं अंगणवाडीच्या सत्यशीलाबाई.

पहिला अंक अर्धा झाला असेल. दत्तप्रसादनं चार-पाच वेळा 'जातो' म्हटलं, आणि सुभद्राबाईंनी हात वर केला.

"अवो सर, आवसंच्या रातीला दर घडीला हा जातो, तो जातो, काय लावलंय? आमच्यात मानूस घरातून निघाला तर 'येतो' म्हणतो. जातो म्हणायची एकच येळ असती."

माणसं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "राजा बी येतो म्हनू द्या की सर, येईल बिचारा माघारी." भुजंग गुरुजी आईवर चिडले, म्हणाले, आई, हे इंग्लंडचं नाटक आहे. त्यावर म्हातारी म्हणाली की इंग्लंड आसंल तिकडं, अंगण आपलं हाय.

दत्तप्रसादला ते पटलं. त्याला लोकांचं पटायचं, तो गुण होता त्याच्यात. त्यानं तिथल्या तिथे बदल केला. त्यानंतर नाटकातला जो कुणी जाईल, तो लोकांकडे तोंड करून 'येतो' म्हणणार आणि मागे सरकून बसणार. लोक खूश झाले. शिपाई 'येतो' म्हणाला तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोघांनी सवयीनं "या" म्हटलं.

मग शेवटचा अंक आला. राजाला मारायला नेतात. भुजंग गुरुजी उठले, म्हणाले, "येतो." लोक म्हणाले, "या." दाई विहिरीकडे निघते. "येते." "या." आता कुणी हसत नव्हतं. नाटक संपलं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. माणसं कपडे झटकून गुपचूप निघाली. पहिल्यांदाच असं झालं, असं दत्तप्रसाद म्हणाला.

दहा वाजून दहा मिनिटं. गाडी चालू होईना. भुजंग गुरुजी थांबले होते, पण दत्तप्रसादनंच त्यांना निघायला सांगितलं. जाताना ते म्हणाले, "या सर."

आणि दत्तप्रसाद म्हणाला, "येतो."

गाडी पुढच्याच किकला चालू झाली.

फटीतून बाहेर पडलं की कच्चा रस्ता. डाव्या हाताला एका शेतात हळद शिजवत होते. मार्चात असतंच ते. मोठी कढई, खाली जाळ, चार माणसं, ओल्या हळदीचा तो उग्र वास. एकानं हात केला. यानंही केला. पुढे ओढा, मग चढ, मग सडक. चढ संपला. समोर दगडी भिंत आली. भिंतीतली फट. शाळा.

त्याला वाटलं, ओढ्यापाशी वळण चुकलं. त्यानं गाडी वळवली.

पुन्हा हळदीचं शेत. जाळ होता. माणसं नव्हती. चहाला गेली असतील. ओढा. चढ. त्या वेळी तो मोठ्यानं बोलत होता, असं म्हणाला. डावीकडे वळायचं नाही, सरळ, सरळ. चढ संपला.

भिंत.

मैदानात सतरंजी अंथरलेली होती. त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. गुरुजी ती न्यायला येतील, त्यांनाच रस्ता विचारावा. तो थांबला. हॉर्न वाजवला. वाडी तिथून दोनशे पावलांवर. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

घड्याळात पावणेबारा. वहिनी पिशवी भरून ओट्यावर बसल्या असतील, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं. त्यानं गाडी जोरात काढली.

हळदीच्या शेतात जाळ नव्हता. कढई नव्हती. वासही नव्हता.

ओढा.

चढ.

सतरंजीवर कुणीतरी बसलं होतं.

चौघं होते. पाठमोरे. डोक्यावरून काहीतरी पांघरलेले. वाचणारे जिथे बसले होते त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. कुणी हललं नाही... कुणी मागे पाहिलं नाही. नाटक सुरू व्हायची वाट पाहावी, तसे.

चकवा लागतो म्हणतात, तो हा, हे त्याला कळत होतं. बी.ए.ला त्यानं लोकभ्रमांवर निबंध लिहिलेला. आणि हेही कळत होतं की तो शब्द सुटल्याशिवाय रस्ता सुटणार नाही. ही सगळी 'येतो' म्हणून गेली होती. कुणालाच कुणी जाऊ दिलं नव्हतं. त्यालासुद्धा.

एक शब्द. त्याची जीभ उचलेना. घरी बायको ऑपरेशनला निघालेली, आणि अमावास्येच्या रात्री आपण तो शब्द उच्चारायचा... तो कुणाला लागेल? मी हे ऐकताना हसलो नाही. मलाही उच्चारता आला नसता.

शेवटी तो गाडीवर बसूनच, दिव्याच्या उजेडात वही धरून, वाचू लागला.

"राजा... जातो."

पहिला उठला. फटीकडे आला नाही. समोर गेला. अंधारात.

"शिपाई जातो."

दुसरा.

"दाई... जाते."

तिसरी.

त्यानं पान उलटलं. पुढचं उलटलं. वही संपली होती. नाटकात तिघंच होती.

चौथा बसलेला.

"तुम्ही कोण?" दत्तप्रसाद म्हणाला.

दत्तप्रसादनं वही पुन्हा चाळली.

"तुम्ही... नाटकात नाही."

चौथ्यानं मान वळवली नाही. फक्त हात काढला. आणि शेजारची जागा झटकली. दोनदा. आपण पाहुण्यासाठी झटकतो, तशी.

दत्तप्रसाद म्हणतो, तो गाडीवरून उतरला नाही. हे त्यानं मला बजावून सांगितलं, एकदा नाही, तीनदा. त्यानं तिथल्या तिथे गाडी वळवली, डोळे मिटले, आणि एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा निघताना तो शब्द म्हणाला.

"मी जातो."

हळदीच्या शेतात चौघं माणसं चहा पीत होती. ओढा आला, चढ आला, सडक आली. वसमतला तो पोचला तेव्हा पावणेपाच झाले होते. जीप दारात उभी. वहिनी तशाच उठून जीपमध्ये बसल्या. ऑपरेशन नीट झालं. वहिनी आज तुमच्यासमोर ठणठणीत आहेत.

गुरुवारी दुपारी भुजंग गुरुजींचा मला फोन आला. आवाज दबलेला. सर पोचले का, एवढंच आधी विचारलं. मी म्हणालो, पोचले. मग गुरुजी म्हणाले, "तुमी एकदा येऊन पाहा. मी शाळेला सुट्टी दिलीय. फाटकात काट्या लावून ठेवल्यात, लेकरू बी आत सोडलं न्हाई."

मी पाचच्या एसटीनं गेलो. उजेड होता अजून.

पाणी मारलेली जमीन रात्रीत घट्ट झाली होती. भिंतीतल्या फटीपाशी घरी परतणाऱ्या माणसांची पावलं एकावर एक उमटलेली. त्यांच्यावरून चाक गेलेलं नव्हतं. मी वाकून पाहिलं, गुरुजींनी बॅटरी धरली. बाहेर कच्च्या रस्त्यावरही पाहिलं. एम-एटी त्या फटीतून बाहेर पडलीच नव्हती.

चाकाच्या खुणा आत होत्या. मैदानाला गोल. फेऱ्यावर फेरा, बोटभर खोल. मी मोजायला लागलो. पंचवीसच्या पुढे माझा हिशेब चुकत गेला.

गुरुजी म्हणाले, सतरंज्या तर आम्ही रात्रीच गुंडाळून घरी नेल्या.

मी मधोमध गेलो. तिथे फेरे थांबले होते. स्टँड लावल्याची खूण होती. तिथून चपलांची पावलं निघाली होती. सरळ, न अडखळता, सात-आठ. मग चपला काढून शेजारी शेजारी ठेवल्याचे दोन ठसे... आपण सतरंजीवर जाताना काढतो तसे. पुढे अनवाणी दोन पावलं. आणि मांडी घालून बसल्याची खूण.

उठल्याची नव्हती.