नमुना क्रमांक तेरा

खोलीत बारा टीव्ही होते. पहिल्या चारांच्या पडद्यामागे पेन्सिलीहून बारीक ट्यूब होत्या, पुढच्या चारांच्या मागे पांढरे एलईडी, नंतरच्या तीन टीव्हींच्या मागे निळे, आणि शेवटचा स्वतःच्याच प्रकाशानं उजळणारा. एक खुर्ची. तिपाईवर एक मीटर. वर्षभर तेवीस अंश दाखवणारा एक तापमापक. खिडकी एकही नाही. भिंती, छत, खुर्ची, सगळं काळं, आणि दाराशी खुंटीला दोन काळे कोट, कारण अंगावरच्या कपड्याचा रंग पडद्यावर पडला तरी मोजणी बिघडते. त्यांतला एक कोट दोन वर्षांत कुणी घातला नव्हता.

बाराही टीव्हींवर गेली सहा वर्षं, दिवसरात्र, एकच चित्र होतं. एका बाईचा चेहरा आणि त्याखाली करड्या रंगाच्या पाच पट्ट्या.

गुमी शहरातल्या टीव्हीच्या त्या कारखान्यात या खोलीला सगळे म्हातारपणाची खोली म्हणत. नो यॉनजू पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन आली ती थेट इथेच. दर गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती पहिल्या टीव्हीसमोर मीटर लावायची. गालावरचा एक ठिपका आणि करडी पट्टी यांचा उजळपणा आणि रंगाचे दोन आकडे, असं सारं वहीत उतरवायला एका टीव्हीमागे वीस मिनिटं लागत. नियम एकच होता, काहीही जुळवायचं नाही. लोकांच्या घरात रंग उतरला तर तो पुन्हा जुळवून देता येतो. इथे तो उतरू द्यायचा आणि किती उतरला ते लिहायचं. ट्यूब म्हातारी झाली की चित्र पिवळट पडतं. पांढऱ्या एलईडीवरचा पिवळा लेप थकला की ते निळसर होतं. स्वतः उजळणाऱ्या पडद्यात निळाच आधी मरतो. सहा वर्षांत प्रत्येकानं आपापल्या वाटेनं जायला सुरुवात केली होती.

तो चेहरा चू ओक-रानचा होता. तिनंच ही खोली मांडली आणि यॉनजूला मोजायला शिकवलं. त्वचेचा रंग तपासायला बाहेरची मॉडेल कशाला, म्हणून तिनं स्वतःचाच फोटो काढून घेतला होता आणि तो असा जुळवला होता, की प्रमाण दिव्याखाली तिचा खरा गाल मोजा नाहीतर नव्या पडद्यावरचा मोजा, आकडे तेच यावेत. यॉनजू तिला ओन्नी म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. सुरुवातीच्या दिवसांत यॉनजूनं एकदा, "मला तर काहीच फरक दिसत नाही," असं म्हटलं, तेव्हा ओक-रान हसली होती.

"डोळा लाचखाऊ असतो गं. रोज थोडं थोडं दिलं की काहीही खपवून घेतो. तू आपली मीटरचं ऐक."

ओक-रान पंचेचाळिसाव्या वर्षी गेली. स्वादुपिंडाचा आजार होता. घरच्यांकडे दुसरा बरा फोटो निघाला नाही, म्हणून अंत्यविधीला हाच ठेवला, खालच्या करड्या पट्ट्या कापून. यॉनजू त्याच्यापुढे वाकली तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो छपाईत लाल जास्त पडल्याचा. त्या विचाराची तिला अजून लाज वाटायची.

लाज दुसऱ्याही एका गोष्टीची होती, आणि ती जास्त खोल होती. जाण्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, ओक-रानचा इस्पितळातून फोन आला होता. आवाज अगदी बारीक झाला होता.

"उद्या येतेस? माझ्याकडचं लहान मीटर धरायला. माझा हात आता वर राहत नाही."

मीटर कशाला हवं, हे यॉनजूला कळलं नाही. गुंगीच्या औषधाचा परिणाम असेल, असं तिला वाटलं. "उद्या गुरुवार आहे ना, ओन्नी. बाराही टीव्ही मोजून झाले की संध्याकाळी येते."

मग ओक-रान म्हणाली, "बरोबर आहे. गुरुवार चुकवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ओक-रान गेली. त्या वेळी यॉनजू कुठे होती ते वहीत तिच्याच अक्षरात होतं: सात नंबर, ४.१०.

या वर्षी जूनमध्ये त्याच सात नंबरच्या टीव्हीवर गालाचा रंग हलू लागला. तो पांढऱ्या एलईडीचा, म्हणजे त्यानं निळ्याकडे जायला हवं होतं. गाल पिवळ्याकडे निघाला होता. पहिल्या आठवड्यात यॉनजूनं ती आपलीच चूक धरली. तिसऱ्या आठवड्यात मीटर तपासून आणलं. खरी अडचण गालाची नव्हतीच, करड्या पट्टीची होती. मागचा दिवा थकला तर सगळ्या चित्राचा रंग बदलतो. इथे गालाखाली चार बोटांवर असलेली पट्टी जागची हलत नव्हती. बाराही टीव्हींना चित्र एकाच यंत्रातून जात होतं आणि बाकी अकरा गाल ठीक होते.

तिनं विभागप्रमुख बोंग साहेबांना सांगितलं. ते हसले. "गालापुरता म्हातारा होणारा एलईडी? पेटंट घे, दोघं श्रीमंत होऊ." मग त्यांनी काळा कोट मागितला. खुंटीवरच्या दुसऱ्या कोटाकडे हात गेला, तो त्यांनी मागे घेतला आणि यॉनजूचाच घातला. त्यांनी सात नंबर दोनदा मोजला. आकडे तेच आले.

"अहवालात हे घालू नकोस," एवढंच ते म्हणाले. कोट परत करताना त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला खोली बंद करण्याचा हुकूम आला. या जुन्या घडणीचे टीव्ही आता कुणी बनवत नव्हतं. कपाट रिकामं करताना तळच्या खणात यॉनजूला एक वही सापडली. अक्षर ओक-रानचं होतं. वर लिहिलं होतं, नमुना क्रमांक तेरा. तारीख, चालू तास, उजळपणा, रंगाचे दोन आकडे, असे रकाने होते. पहिल्या ओळीत चालू तासांपुढे आकडा होता ३,९४,४७०.

इतके तास कुठलाच टीव्ही चालत नाही. यॉनजूनं तो आकडा वर्षांत मोडून पाहिला. पंचेचाळीस आले.

ओक-रान शेवटच्या आजारात दर गुरुवारी स्वतःचा गाल मोजत होती. कावीळ चढत गेली तसे आकडे पिवळ्याकडे सरकले होते. अशा तेवीस ओळी होत्या, शेवटच्या काही वाकड्यातिकड्या. वहीच्या कव्हरात इस्पितळाचं पाकीट होतं. ओक-रानच्या नवऱ्यानं ती वही इतर सामानाबरोबर कारखान्यात परत पाठवली असणार. चोविसाव्या ओळीत फक्त तारीख होती, त्या गुरुवारची. पुढचे रकाने कोरे होते.

यॉनजूनं आपली वही शेजारी ठेवली. सात नंबरचा टीव्ही, जूनपासूनचे बावीस गुरुवार. तिनं एकेक ओळ बोट ठेवून वाचली. तिसऱ्या दशांशापर्यंत फरक नव्हता.

पुढच्या गुरुवारी तेविसावी ओळही जुळली.

वीज त्यानंतरच्या सोमवारी तोडायची होती. यॉनजू बोंग साहेबांकडे गेली आणि दोन्ही वह्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. ते बराच वेळ वाचत राहिले.

"तुला काय हवंय?"

"फक्त गुरुवार. एक ओळ राहिलीय. तेव्हा मी गेले नव्हते, साहेब."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग गुरुवारी तीन वाजता वीजवाले येतील. त्याआधी उरक."

गुरुवारी ती सकाळीच गेली. सात नंबरच्या समोर जमिनीवर एक नाशपाती ठेवलेली होती, श्राद्धाला ठेवतात तशी, वरची चकती कापलेली. त्या खोलीत पाण्याची बाटलीसुद्धा न्यायची नाही, असा बोंग साहेबांचाच नियम होता. नाशपाती तिनं उचलली नाही.

अकरा टीव्ही मोजून झाले. सात नंबर तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता, नेहमीच्या वेळेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. मीटर त्याच्यासमोर आणून ती गालावर नेम धरत होती, तेवढ्यात सगळं अंधारलं. वीजवाले पावणेतीनलाच आले होते. दाराबाहेरून बोंग साहेबांचा आवाज आला. मुख्य तारच कापली गेली होती. आता काही होणार नव्हतं.

"तू ये बाहेर," ते म्हणाले.

"थोड्या वेळानं येते."

पावलं दूर गेली.

यॉनजू खुर्चीवर बसली. पडदा काळा होता. भिंत काळी होती. दोन वर्षांपूर्वी वीस मिनिटांचं काम तिनं सोडलं नव्हतं. या वेळी ते तिच्या हातून सुटलं होतं.

मीटर बॅटरीवर चालत होतं. त्याच्या मागच्या लहान काचेवर आकडे अजून दिसत होते.

उजळपणा ११.४०.

तिनं पडद्याकडे पाहिलं. काळोख. डोळे मिटून उघडले. काळोखच.

तिनं मीटर चार बोटं खाली, करड्या पट्टीच्या जागी वळवलं. ०.००. सहा नंबरकडे नेलं. ०.००. आठ नंबर. ०.००.

पुन्हा गालावर आणलं. ११.३८.

रंगाचे दोन आकडे तिनं मग वाचले. ०.३८१, ०.३५२. पिवळेपणा गेला होता. वहीतल्या पहिल्या ओळीच्याही आधीचे, फोटो काढला त्या दिवसाचे आकडे होते ते.

"ओन्नी," ती म्हणाली, "मी आलेय."

मीटरच्या उजेडात तिनं ओक-रानची वही मांडीवर उघडली आणि चोविसाव्या ओळीत आकडे भरले. ओळ पूर्ण झाली.

ती उठली नाही.

३.२०. उजळपणा ८.१२.

तिनं पेन खाली ठेवलं नाही.

३.४०. उजळपणा ४.०५.

कुणीतरी बाहेर दार हळूच ढकलून पाहिलं आणि तसंच लावून घेतलं.

४.००. उजळपणा ०.६१. रंग तोच.

४.०९. उजळपणा ०.०३.

४.१०. उजळपणा ०.००.