चार नंबरची गादी

चार नंबरची गादी झोपत नाही, आणि का झोपत नाही ते विचारायचं नाही. मामाच्या कारखान्यात पाऊल ठेवलं त्याच दिवशी ठिणगीला हे बजावण्यात आलं होतं. जरा काही खटकलं की पेटायची, म्हणून लहानपणापासून घरात ती ठिणगीच. ‘विचारायचं नाही’ म्हटलं की तिच्या डोक्यात प्रश्नांचं मोहोळ उठे. तरी आजवर ती गप्प राहिली, कारण त्या गादीशी तिचा संबंध आला नव्हता.

आज आला.

कारखाना कसला, तीन खोल्या. तिथे आजाऱ्याच्या चादरीखाली घालायच्या पातळ गाद्या बनत. माणूस निजलेला असेपर्यंत गादी त्याचा श्वास टिपते. श्वास थांबला तर नर्सच्या टेबलावर घंटा वाजते. माणूस उठून गेला की गादीने झोपायचं, म्हणजे वीज वाचवायची. यंत्राच्या पोटातला कारभारी प्रोग्राम तो कर्नेल, आणि तो गादीशी ज्याच्या तोंडून बोलतो तो ड्रायव्हर. ड्रायव्हरची रीत सरळ होती. गादीवर किती जण आहेत याचा आकडा ठेवायचा. आकडा शून्य झाला, तरच गादीला झोपवायचं.

त्या ड्रायव्हरसाठी मामाने दुरुस्ती लिहिली होती. गाद्या उद्या इस्पितळात जायच्या होत्या. पण लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तपासून होकार दिल्याशिवाय दुरुस्ती यंत्रात जाणार नाही, हा कारखान्याचा दंडक. मामानेच घातलेला. आणि दुसरं कोणी म्हणजे ठिणगी.

जेवणं उरकल्यावर ती चाचणीच्या खोलीत गेली. भिंतीकडेने चार खाटा, प्रत्येकीवर एक गादी. खिडकीतून पहिल्या खाटेवर ऊन पडलं होतं. कोपऱ्यात मावशी तारा जोडत बसलेली, तापलेल्या सोल्डरचा वास भरून राहिलेला. चौथ्या खाटेपाशी मात्र वास वेगळा होता. नुकतंच डोकं उचललेल्या उशीला येतो, तसा.

टेबलावरच्या पडद्यावर चार आकडे. शून्य, शून्य, शून्य, एक. त्या एकपुढे श्वासाची संथ रेघ.

“वाचलंस का?” म्हणत मामा पहिल्या खाटेवर टेकला. खुर्चीचं आणि त्याचं हाडवैर होतं. पडद्यावर एक नंबरपुढेही एक उमटला.

“वाचलं. एकच ओळ आहे. आकडा काहीही असो, दोन मिनिटं हालचाल दिसली नाही तर गादी झोपवायची.”

“मग एका ओळीला एवढा वेळ?”

“‘आकडा काहीही असो’ म्हणजे काय, मामा? मग मोजायचं तरी कशाला?”

“आली शहाणी,” मावशी मान वर न करता म्हणाली. “चार बुकं काय शिकली...”

“शिकवलं कोणी? तूच ना?”

मावशी हसली. मामा हसला नाही. “बाई माझे, मोजणी बिघडते कधीकधी. ती बघ, रिकामी असून एक दाखवते. इस्पितळात एखादी अशीच अडून बसली, तर बॅटरी गारद होईल.”

“बिघडलीय हे ठरवलं कोणी?”

मामाने मावशीकडे पाहिलं. मावशीने सोल्डरगन खाली ठेवली. “गादी बदलून पाहिली,” ती हळू आवाजात म्हणाली. “तारा बदलल्या. खाटसुद्धा बदलली.”

“आणि?”

“एक.”

ठिणगी चौथ्या खाटेपाशी गेली आणि तिने गादीवर तळवा दाबला. आकडा दोन झाला. हात उचलला, एक. मोजणी ठणठणीत होती. ऊन इथवर पोचत नव्हतं, पण चादर कोमट होती.

तिने मामाची ओळ चौथ्या गादीत घातली आणि वाट पाहिली. दोन मिनिटांनी गादीचा दिवा विझला.

“झालं,” मामा म्हणाला. “झोपली.”

दिवा पुन्हा लागला. झोपलेली गादी कोणी येऊन निजलं तरच जागी होते, आणि जागं होण्याचं कारण पडद्यावर दाखवते. कारण होतं, श्वास. पडद्यावरची संथ रेघ आता भराभर वरखाली होत होती. पुन्हा दिवा विझला, पुन्हा लागला. अंधाऱ्या खोलीत कोंडलेल्या पोराचा ऊर धपापावा, तशी ती रेघ.

“काढ ती ओळ,” मावशी पुटपुटली. “नको झोपवूस... तिला...”

“कोणाला, मावशी?”

मावशी पुन्हा तारांवर वाकली.

ठिणगीने ओळ काढून घेतली. रेघ हळूहळू संथ झाली. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, आणि आत्ता ती त्यांचा विचारही करत नव्हती. इस्पितळातला एखादा थकलेला जीव तिच्या डोळ्यांपुढे होता. हलत नाही, कुशीवर वळत नाही, श्वास असून नसल्यासारखा. पण आकडा एक. तो एक म्हणजेच तर तो माणूस. मामाची ओळ त्याला मोजणीतूनच उठवून लावणार होती, आणि नंतर घंटा वाजवायला कोणी जागं नसणार होतं.

“मी होकार देणार नाही.”

“ठिणगे, उद्या माल जायचाय—”

“थांबू दे. तुम्हाला दिसत नाही म्हणून तिथे कोणी नाही, असं मी सांगणार नाही. ‘विचारायचं नाही’ म्हणता म्हणता तुम्ही मोजायचंसुद्धा सोडायला निघालात.”

मावशीने पदराने कपाळ टिपलं.

तेवढ्यात चौथ्या गादीचा दिवा आपसूक विझला. आकडा शून्य. ठिणगी इथे आल्यापासून पहिल्यांदाच. कोणी सांगितलं नव्हतं, ओळ घातली नव्हती. कोणी सावकाश उठून जावं, तसं.

ठिणगीने सुटकेचा श्वास घेतला आणि तिची नजर पडद्याच्या वरच्या टोकाला गेली. मावशीचीही गेली. दोघींपैकी कोणी मामाला काही बोललं नाही.

मामा उन्हात, खाटेवर एकटाच बसला होता. एक नंबरपुढे दोन होते.