भिंतीकडे पाहताना

पाहुणा जिना उतरून गेला, तरी मुलीचा हात दाराच्या कडीवरच होता... आणि रफूगर बाबा खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

"बाबा, तासभर तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात. एकदाही त्याच्याकडे बघितलं नाहीत. जावई म्हणून पसंत नव्हता तर तसं सांगायचं, घरी बोलावून अपमान कशाला?"

कोणत्या तोंडाने सांगणार होते बाबा? एक डोळा पूर्वीच गेलेला. दुसऱ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्या पाझरू लागल्या, तेव्हा याच पोरीने दुसऱ्या शहरातली चालून आलेली बढती नाकारली होती आणि डोळ्यात इंजेक्शन घ्यायच्या प्रत्येक खेपेला बाहेरच्या बाकावर जीव मुठीत धरून बसली होती. पाझर थांबला, हे खरं. पण मागच्या तपासणीला ती औषधं आणायला गेली असताना डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या होत्या, "पाणी आटलंय, पण तिथे व्रण धरलाय. तो आता जायचा नाही." जन्मभर लोकांच्या कोटांची भोकं बेमालूम बुजवणाऱ्या माणसाच्या डोळ्यात असं जाडंभरडं रफू बसावं!

"पोरीला मी सांगतो," असं बाबा त्यांना म्हणाले, आणि सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तिने लग्नाचं नावसुद्धा काढलं नसतं. म्हणून मग 'आता वय झालं' म्हणत गिऱ्हाइकं परत पाठवायची, हातात वर्तमानपत्र धरून रेडिओवर ऐकलेल्या बातम्या सांगायच्या... सोंग छान वठलं होतं, आणि त्याच सोंगाने आज पोरीच्या सुखात माती कालवली होती.

"मी त्याच्याकडेच बघत होतो," ते पुटपुटले.

"भिंतीकडे बघत होतात, बाबा."

"समोर बघितलं की समोरचं माणूस नाहीसं होतं गं. मधोमध काळा डाग येतो. तोंड फिरवलं की कडेने थोडं दिसतं..." त्यांनी मान पुन्हा खाली घातली. "तू बढती सोडलीस, आणि मी डोळा राखू शकलो नाही. कसं सांगायचं होतं तुला?"

मुलगी मटकन त्यांच्या पायाशी बसली. "इतके दिवस माझ्याशी तोंड फिरवून बोलत होतात," ती कशीबशी म्हणाली, "आणि मी मनातल्या मनात रुसत होते... लाज वाटते मला."

बाबांनी चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाक-डोळे नाही दिसले मला त्याचे. पण तू बोलायला लागलीस की तो कप खाली ठेवत होता. तू आत जायला उठलीस, तर तोही अर्धा उठला आणि ओशाळून परत बसला. मला पसंत आहे तो."

जिन्यावर तिच्या चपला धावत गेल्या, आणि थोड्या वेळाने दोघांची पावलं वर आली.

पाहुणा पुन्हा समोर बसला. बाबांनी संकोचत भिंतीकडे तोंड वळवलं, तसा तो चुळबुळला आणि उठू लागला.

"हलू नका," मुलगी हलकेच म्हणाली. "बाबा तुम्हाला बघताहेत."