गुडघ्यावरचा हात

"बापूले सांग, हा इथला किल्ला हाये," मोबाइलच्या पडद्यातून संजय म्हणाला, आणि लालीबाईनं ओढणीआडून नवऱ्याचा गुडघा दाबला.

एकदा दाबला की मान हलवायची, दोनदा दाबला की हसायचं, असं नवरा-बायकोचं ठरलेलं होतं. देवीलालनं मान हलवली खरी, पण ती दाराकडे तोंड करून... आणि किल्ला तर मोबाइलात होता! कुठल्या कुठं, जपानातल्या ओसाका नावाच्या त्या अवाढव्य शहरात बसलेल्या पोराचा चेहरा उतरलेला लालीबाईला स्पष्ट दिसला.

"याडी," आईला बंजारा तांड्याच्या बोलीत हाक मारत तो हळूच म्हणाला, "बापू अजूनई माह्याकडं पाह्यत नाही."

काय सांगावं त्या माउलीनं? पाहायला त्या माणसाजवळ डोळे उरले होते कुठे?

महागावजवळच्या त्यांच्या तांड्यावर बोंडअळीनं उच्छाद मांडला होता, त्या दिवसांतली गोष्ट. संजय पुण्याच्या कंपनीतून पोळ्याला घरी आला, तर बाप पाठीवर पंप लावून कपाशी फवारतोय, नाकाला फडकं नाही, सदरा औषधानं चिंब! पोरगं कळवळून बोललं, पण बोललं चार माणसांत. हे पीक सोडा, स्वतःचा जीव घेऊन राहिलात, असं काहीबाही. देवीलाल मोठा मानी गडी. ज्या कपाशीनं या पोराला शिकवलं तिलाच तो नावं ठेवतो, हे त्याला सहन झालं नाही. "मले अक्कल शिकवू नको. जाय, अन् पुन्हा तुहं तोंड मले दाखवू नको," असं तो बोलून गेला. पोरगंही त्याच्याच रक्ताचं. भरल्या ताटावरून उठून गेलं, आणि पुढे कंपनीनं जपानला पाठवलं तेव्हा बापाला न भेटताच गेलं.

त्याच्या पुढच्याच हंगामात फवारताना वारा फिरला आणि औषध सगळं तोंडावर आलं. यवतमाळच्या दवाखान्यात जीव वाचला, डोळे वाचले नाहीत. आतल्या शिरा सुकल्या, आता इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. देवीलालचं वेगळंच म्हणणं. "तोंड दाखवू नको म्हनलो होतो ना, लाली... देवानं ऐकलं माहं." आणि त्यानं बायकोचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. पोराला एक शब्द सांगायचा नाही! कळलं तर तो तिकडचं सगळं सोडून धावत येईल, आणि इथं येऊन हाच पंप पाठीवर घेईल.

त्या शपथेनं लालीबाईची जीभ बांधली गेली. पोटच्या गोळ्याचं बोलणं ऐकायचं, आणि त्याच्याशीच खोटं वागायचं... असली शिक्षा वैऱ्यालाही होऊ नये!

आणि त्या वेड्या पोरानं काय मनात धरावं? बाप घरी बोलावत नाही, तर आपणच बापाला इकडे बोलवावं. जन्मात नागपूरच्या पलीकडे न गेलेल्या आईबापांना ओसाका दाखवायचं! मग काय, दर रविवारी बेत रंगू लागला. आधी किल्ला, मग मोठमोठे मासे पोहतात ते काचेचं घर, संध्याकाळी दिव्यांच्या झगमगाटात कालव्यातून नाव, शेवटी जुनं देऊळ. तिकडं भाकर मिळते का, असं लालीबाईनं विचारलं तेव्हा तो लहानपणीसारखा खळखळून हसला. ज्वारीचं पीठ मी आणून ठेवतो म्हणाला.

देवीलालनं सगळ्याला हो म्हटलं. मनात त्याचं ठरलेलं होतं. ऐन वेळी ताप आला म्हणायचं आणि बायकोला एकटीला पाठवायचं. तिनं तरी जग पाहावं! पण फोन बंद झाला की हाच माणूस लहान मुलासारखा विचारी, "किल्ला कसा होता वं?" ती सांगे, पांढरा, वर हिरवी कौलं. "अन् मासा?" बैलाहून मोठा, अंगभर ठिपके. तो ऐकत राही, आणि ती चुलीकडे तोंड फिरवून डोळे पुशी.

न्यायला संजय स्वतःच आला. तांड्याच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि देवीलालनं गोधडी अंगावर ओढून भिंतीकडे तोंड केलं. पोरगं दारात आलं. बापाची पाठ पाहिली. एवढा शिकलेला, परमुलुखात नाव काढलेला मुलगा, पण उंबरा ओलांडून आत आला नाही.

"बापू येत नाही ना? मले ठाऊकच होतं, याडी. तुई पेटी दे, जाऊ आपण दोघं."

लालीबाई खांबाला धरून उभी राहिली. बोलावं तर नवऱ्याच्या डोक्यावरची शपथ मोडते, न बोलावं तर लेक बापाला कायमचा मुकतो! काय करील बिचारी? तिच्या हाती होतं तरी काय?

एक होतं. बऱ्याच काळानं आपलं माणूस भेटलं की तांड्यातली बाई त्याच्या गळ्यात पडून सुरात रडते, आणि मधल्या काळात जे घडलं ते सगळं त्या रडण्यात येतं. ते काही बोलणं नव्हे, आणि ते रडणं मध्येच कोणी थांबवत नाही. ही रीत तिच्या आजीच्याही आधीची. लालीबाईनं लेकाच्या गळ्यात हात टाकले आणि टाहो फोडला. त्या सुरात पंप आला, फिरलेला वारा आला, यवतमाळचा दवाखाना आला, डोक्यावर ठेवलेला हात आला, गुडघ्यावर दाबलेला हात आला... देवीलाल गोधडी फेकून उठून बसला. तिला अडवायला त्यानं हात उचलला, आणि तसाच खाली ठेवला. त्या रडण्यापुढे त्याचंही चालत नव्हतं.

संजय बाजेशी कोसळला, बापाचे पाय धरून.

"काहून लपवलं, बापू? मी समजलो तुम्ही रागानं तोंड फिरवून राह्यले."

"तोंड दाखवू नको म्हनलो होतो तुले," देवीलाल म्हणाला. "आता तू दाखवशीन, तं पाह्यन कोन?"

आता आपण परत जात नाही, इथंच राहतो, असं संजय हुंदके देत म्हणू लागला. तेवढं मात्र देवीलालनं पुरं होऊ दिलं नाही.

"जाशीन. अन् मलेई नेशीन. पह्यल्या दिवशी किल्ला. पांढरा हाये, वर हिरवी कौलं. मंग तो बैलाहून मोठा मासा, अंगभर ठिपके. मंग दिव्याइची नाव, मंग देऊळ. हाये ना बराबर?"

बापानं एकही चित्र पाहिलं नव्हतं, आणि एकही विसरला नव्हता!

लालीबाई बाजेवर टेकली. गेलेले डोळे काही परत येणार नव्हते, तिकडे नेऊन पोरगं त्याला काय दाखवणार तेही तिला कळत नव्हतं. सवयीनं तिचा हात नवऱ्याच्या गुडघ्यावर गेला आणि तिनं दोनदा दाबला.

देवीलालनं तो हात अलगद उचलून आपल्या हातात घेतला.

"राहू दे आता," तो म्हणाला. "मी आपल्या मनानंच हासून राह्यलो."